दान्तेच्या रूपकांमागचं बायबल: व्हल्गेट आणि डार्टमथ दान्ते प्रोजेक्ट, काही महिन्यांच्या वापरानंतर

इटालियन कवी दान्तेचं नरक, शुद्धिलोक आणि स्वर्गाच्या प्रवासाचं महाकाव्य ‘दिव्हिना कोम्मेदिया’ वाचताना ही दोन साधनं रोज उघडी असतात: व्हल्गेट, म्हणजे मध्ययुगीन चर्चचं लॅटिन बायबल, आणि डार्टमथ दान्ते प्रोजेक्ट, म्हणजे या काव्यावरच्या भाष्यांचा अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजचा मोफत ऑनलाइन संग्रह. दान्तेचा मुलगा याकोपो याच्या 1322 च्या भाष्यापासून विसाव्या शतकापर्यंतची आणि पुढचीही सत्तरहून जास्त भाष्यं त्यात आहेत. शब्दाचा रकाना रिकामा ठेवून खंड, सर्ग आणि ओळ भरली की त्या ओळीवरच्या टिपा समोर येतात.

पण भाष्य आधी उघडू नका. पहिल्याच सर्गात तीन प्राणी दान्तेची वाट अडवतात; भाष्यात बिबट्या म्हणजे कामवासना, सिंह म्हणजे गर्व, लांडगी म्हणजे लोभ, असं तयार उत्तर मिळतं आणि वाचन तिथंच थांबतं. आधी बायबलात यिर्मया 5:6 काढा. तिथला क्रम सिंह, लांडगा, बिबट्या. दान्तेने बिबट्याला पुढे आणलंय आणि लांडगीला शेवटी ठेवलंय. त्याला परत अंधारात ढकलते ती हीच. लोभालाच एवढं बळ का, हा खरा प्रश्न क्रम ताडून पाहिल्यावरच पडतो. भाष्यं वाचायची ती त्यानंतर.

सर्वांत जास्त हाती लागतं ते ‘पुर्गातोरिओ’च्या, म्हणजे शुद्धिलोकाच्या दुसऱ्या खंडाच्या, 29 व्या सर्गात. मिरवणुकीतल्या चार प्राण्यांना सहा-सहा पंख आहेत. दान्ते म्हणतो, वर्णन बायबलातल्या यहेज्केलात वाचा, पंखांपुरता मात्र योहान (‘प्रकटीकरण’ या पुस्तकाचा लेखक) माझ्या बाजूने आहे. यहेज्केल 1:6 मध्ये पंख चार, प्रकटीकरण 4:8 मध्ये सहा. ‘मी योहानाशी सहमत’ असं तो म्हणत नाही. उलट योहानालाच आपल्या बाजूने उभा करतो. विलक्षण धाडस आहे हे! ‘कोन्व्हिव्हिओ’ या आधीच्या गद्य ग्रंथात त्याने कवींचं रूपक म्हणजे सुंदर असत्याखाली लपलेलं सत्य असं म्हटलं होतं, इथे तो डोळ्यांनी पाहिल्याची साक्ष देतोय. यासोबत मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्विनासच्या ‘सुम्मा’ या ग्रंथाचा पहिला भाग, प्रश्न 1, कलम 10 वाचा: पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, शब्द वस्तू दाखवतात आणि त्या वस्तू पुढे आणखी काही दाखवतात. त्याच मिरवणुकीतले 24 वडील म्हणजे व्हल्गेटचा अनुवादक जेरोम याच्या एका गणतीनुसार जुन्या कराराची 24 पुस्तकं.

घोळ होतो तो स्तोत्रांच्या आकड्यांत. ‘पुर्गातोरिओ’च्या दुसऱ्या सर्गात आत्मे गातात ते ‘इन एक्झितु इस्राएल’ व्हल्गेटमध्ये 113 वं, मराठी बायबलात 114 वं. मराठीतली 9 आणि 10 ही स्तोत्रं तिथे एकच आहेत, म्हणून मराठीतल्या 11 ते 113 पर्यंत एक आकडा वजा करायचा; 114 आणि 115 मिळून व्हल्गेटचं 113. लॅटिन शब्द शोधताना स्पेलिंगही बदलून पाहा, ‘caritas’ (प्रेम) कुठे ‘charitas’ असं छापलेलं असतं.