गंजलेली हेराल्ड मोटार आणि घरगुती मिग वेल्डिंग मशीन: सात-आठ महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगतो, पाल्हाळ नंतर. मशीन चांगलं आहे. खोक्यावर ठळक छापलेलं ‘गॅसची गरज नाही’ हे मात्र गेट, ग्रिल आणि शेतातल्या अवजारांपुरतं खरं धरा. मोटारीच्या पत्र्याला हात घालणार असाल तर ते वाक्य वाचलंच नाही असं समजा आणि सिलिंडरचे पैसे पहिल्यापासून हिशेबात घ्या.

मशीन म्हणजे सिंगल फेजवर चालणारा, २०० अँपिअर लिहिलेला वेल्डिंगचा इन्व्हर्टर. मिगही होतं (रिळावरची वायर हातातल्या टॉर्चमधून आपोआप पुढे येते आणि वितळते, ते वेल्डिंग), साधं रॉडचं वेल्डिंगही होतं. साधारण अशीच मशीनं बाजारात बऱ्याच नावांनी मिळतात, म्हणून ब्रँडच्या वादात पडत नाही.

गाडी सासऱ्यांची, दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड, म्हणजे ब्रिटिश ट्रायम्फ हेराल्डची भारतात बनलेली बहीण. सांगलीच्या गावभागातल्या वाड्यात उभी असायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४५) तेव्हा टपापर्यंत बुडाली. २०२१ ला पुन्हा पाणी चढलं. शेवटी ती ओढून विश्रामबागेत आमच्या पोर्चमध्ये आणली. हेराल्डला स्पोर्ट्स कार म्हणावं का, यावर ज्यांना भांडायचंय त्यांनी खुशाल भांडावं. ट्रायम्फ स्पिटफायर ही अस्सल स्पोर्ट्स कार १९६२ मध्ये हिचीच चासी आखूड करून काढली, आणि दोन्हींची रेखाटनं मिकेलोटी या इटालियन डिझायनरची. मला तेवढं पुरे.

घरी काम करायला ही गाडी सोयीची, कारण बॉडी एकसंध नाही. १९५९ मध्ये मूळ ट्रायम्फ हेराल्ड आली, त्याआधी कंपनीला बॉडी दाबून देणारा कारखाना स्पर्धकाच्या ताब्यात गेला होता. म्हणून बॉडी तुकड्यातुकड्यांत करून वेगळ्या चासीवर बोल्टने बसवली. मडगार्डांसकट अख्खं नाक पुढे उलटतं. दाराखालची सिलसुद्धा बोल्टची, तिच्यावर गाडीचा भार नाही. स्पिटफायरचं तसं नाही. तिच्या चासीला बाजूचे रेल नाहीत, सिलच भार घेते. तिथे आधी दाराच्या चौकटीत आडवे पाईप न लावता सिल कापली तर गाडी मधे बसते आणि दारं कायमची लागेनाशी होतात. तेव्हा माझं वाचून कुणी स्पिटफायरवर ग्राइंडर चालवू नका.

सिल बाहेरून बरी दिसत होती. खालच्या कडेला कटिंग व्हील लावलं आणि आतून गाळ निघाला. दगडासारखा वाळलेला, बोटभर जाडीचा, आणि नीट पाहिलं तर दोन थर: खालचा काळा, वरचा पिवळसर. पाणी निघून जायच्या भोकांवर हाच गाळ बसलेला, त्यामुळे नंतर प्रत्येक पावसाळ्यात तो ओल धरून राहिला आणि पत्रा आतून खाल्ला गेला. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला की आरपार. पुरात बुडालेली कुठलीही गाडी असो, आधी ही भोकं उघडा. रंग, इंजिन, सीट सगळं नंतर.

आता मशीन. गॅसविना चालणारी वायर आतून पोकळ असते, पोटात फ्लक्स, म्हणजे जळून वितळलेल्या धातूला हवेपासून झाकणारी भुकटी. मी ती आधी भंगारातल्या बॉनेटच्या तुकड्यावर चालवून पाहिली. ०.८ मिमीची ती वायर २० गेजच्या, म्हणजे साधारण ०.९ मिमीच्या पत्र्याला इतकी गरम पडते की टाका (वेल्डिंगचा ठिपका) बसायच्या आत भोक पडतं. शिवाय वर कीट, आजूबाजूला शिंतोडे. तेच गेटच्या बिजागरीला उघड्यावर, वाऱ्यात झकास बसलं. म्हणजे वायर वाईट नाही, ती या कामाची नाही.

साध्या, भरीव वायरला मात्र हवा अडवायला आर्गन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण लागतं. कुपवाड एमआयडीसीतून छोटा सिलिंडर अनामत भरून आणला, मिश्रण ८०-२०. मिनिटाला ८ ते १० लिटर पुरतात, त्याहून वाढवलं की गॅस उगाच उडतो. वायर बदलताना मशीनच्या आतलं कनेक्शनही बदलावं लागतं: गॅस असेल तर टॉर्च पॉझिटिव्हला, पोकळ वायर असेल तर निगेटिव्हला. पुस्तिकेत ही गोष्ट एका ओळीत, बारीक टायपात उरकली आहे. ‘मशीन थुंकतं’ अशी ज्यांची तक्रार असते त्यांनी आधी हे तपासावं. सगळं जुळलं की आवाज भजी कढईत सोडल्यासारखा सलग येतो.

गॅसची किंमत फक्त पैशांत नाही. टॉर्चच्या तोंडाशी वारा लागला की गॅस उडून जातो आणि टाका स्पंजासारखा भोकाभोकांचा बसतो, त्यामुळे पंखा बंद. सांगलीच्या एप्रिलमध्ये पोर्चमध्ये, पंख्याशिवाय, चामड्याचे हातमोजे आणि हेल्मेट घालून. मी पहाटे काम करायचो. त्याला दुसरंही कारण होतं: आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, आणि पडलं की सकाळी जुळवलेलं सेटिंग संध्याकाळी चालत नाही. एक्स्टेन्शन वायर बारीक असेल तर तीच गत. २.५ चौरस मिमीच्या खाली जाऊ नका, लांब असेल तर ४ ची घ्या. २०० अँपिअरच्या आकड्याला मात्र भुलू नका. या पत्र्याला ४०-५० च्या आसपासच काम होतं. अँपिअर खाली उतरवल्यावर मशीन किती शांत चालतं तेवढंच बघा.

मिरजेचे एक जुने डेंटर ओळखीचे आहेत, त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी माझा भंगारातला नमुना उलटून पाहिला आणि म्हणाले, “साहेब, रेघ ओढू नका. टाका मारा, आणि हात लावून बघा.” अर्थ असा: वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि शेजारचा पत्रा ओढून घेतो. सलग रेघ ओढली की सपाट पत्र्यावर लाट उठते, ती मग लांबीच्या (पुटीच्या) थराखाली लपवावी लागते. म्हणून एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, तिसरा पार दुसऱ्या टोकाला, आणि पहिल्याजवळ परत यायचं ते तिथे उघडा हात ठेवता आला तरच. टाके जुळले की ग्राइंडरने उंचवटा उतरवायचा, मागे डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून टाक्यावर हलक्या हातोडीने ठोकायचं. ठोकल्याने आकसलेला धातू पुन्हा पसरतो, ओढ सैल होते. दाराच्या खालच्या भागात नवा तुकडा बसवताना माझी अख्खी सकाळ एवढ्यातच जायची, आणि सांधा जेमतेम हातभर लांब.

घरी करण्याचा माझ्या मते एवढाच खरा फायदा. पैसे वाचत नाहीत. मशीन, सिलिंडर, हेल्मेट, डिस्क, पत्रा धरले तर डेंटरची मजुरी फिटून वर उरते. पण गॅरेजमधल्या माणसाला टाका थंड होईपर्यंत बसून राहणं परवडत नाही, त्याच्या दारात पुढची गाडी उभी असते. मला परवडतं. चाचांना हे बोललो तर ते हसले, म्हणाले, “तुमच्यासारखं बसलो असतो तर पोरांनी काय खाल्लं असतं?”

मशीनच्या तक्रारी. सोबत आलेला अर्थिंगचा चिमटा पातळ पत्र्याचा, गरम होऊन सैल पडतो. पहिल्याच आठवड्यात बदला. वायर पुढे ढकलणारी चाकं प्लास्टिकच्या चौकटीत आहेत, ताण जास्त दिला की चौकट वाकते. माझी तडकली. विकणाऱ्याने ‘वॉरंटीत बसत नाही’ म्हणून हात वर केले, शेवटी कुपवाडला अॅल्युमिनियमची करून घेतली. पंखा ग्राइंडिंगची धूळ आत ओढतो, म्हणून घासताना मशीन झाकून ठेवा, पण चालू असताना नाही. पावसाळ्यात वायरचं रीळ मशीनमध्येच राहिलं तर तिच्यावर गंज धरतो आणि ती टॉर्चमध्ये अडकते. काढून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत पिशवीत बांधा. पातळ कामाला ०.६ ची वायर उत्तम, पण त्या खाचेचं चाक मशीनसोबत आहे का ते घेतानाच विचारा.

आगीचं मात्र गांभीर्याने घ्या. हेराल्डची पेट्रोलची टाकी डिकीत असते. ती काढून घराबाहेर ठेवली, बॅटरीही काढली. सीट, फेल्ट, डांबरी शीट सगळं बाहेर. पत्र्याच्या मागचं जुनं अंडरकोट धुमसतं आणि ते समोरून दिसत नाही. बादली, ओलं गोणपाट, आणि काम संपल्यावर तासभर तिथेच रेंगाळायचं.

पुढचं थोडक्यात. नव्या सिल कुपवाडमध्ये २० गेजच्या पत्र्यातून वाकवून घेतल्या. उघडा पत्रा जुलैच्या हवेत रात्रीत लालसर होतो, म्हणून जेवढं घासलं तेवढ्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. फॉस्फरिक आम्लाचं गंजनाशक कोपऱ्यांत वापरलं. सैल पापुद्रे आधी खरवडले नाहीत तर त्याचा उपयोग नाही, आणि प्रायमरआधी ते नीट धुवावं लागतं. लांबी प्रायमरवर, दोन-तीन मिलिमीटरच्या वर नाही. पोकळ भागांत शेवटी मेण फवारलं. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग मी घरी मारणार नाही. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो आणि साधा मास्क पुरत नाही. ते काम रंगाचा बूथ असलेल्याचं.

घ्यावं का? एकाच मडगार्डचं काम असेल तर नको, सरळ चाचांसारखा माणूस गाठा. अख्खी गाडी समोर असेल आणि पोर्चमधल्या वाहनाला दुसरी जागा असेल तर घ्या. आमची दुचाकी सध्या शेजारच्या काकूंच्या अंगणात उभी असते, आणि बॉनेटच्या पुढच्या कडेचं काम अजून बाकी आहे.