सजावटी थर्मोप्लास्टिक लेप : पेटंट, डिझाइन नोंदणी की गुपित?

थर्मोप्लास्टिक (तापवलं की वितळणाऱ्या, थंड झालं की घट्ट होणाऱ्या प्लास्टिकचा) लेप देखणा झाला, एवढ्यावर पेटंट मिळत नाही. मोत्यासारखी झाक, दगडी पोत ही सौंदर्याची बाजू झाली. युरोपीय पेटंट करार तिला वगळतो, भारतीय कायद्याचं कलम ३(एल) सुद्धा. पण अभ्रकाच्या चकत्या वितळलेल्या राळेत नीट आडव्या बसाव्यात म्हणून मिश्रणात जी तांत्रिक युक्ती केली, तिला पेटंट मिळू शकतं. निव्वळ रूपच जपायचं असेल, तर डिझाइन नोंदणी सोपी आणि स्वस्त. मात्र तेच मिश्रण कुणी वेगळ्या नक्षीत वापरलं, तर तिचा उपयोग नाही.

मिश्रणाच्या पेटंटमध्ये नावीन्य दाखवणं त्या मानाने सोपं असतं. घोडं अडतं ते इन्व्हेंटिव्ह स्टेपवर, म्हणजे जाणकाराला सहज सुचलं नसतं असं त्यात काही आहे का, यावर. नेहमीचा पॉलिमर (म्हणजे ती राळ), नेहमीचं रंगद्रव्य, चमक कमी करायला नेहमीचा सिलिका, आणि प्रत्येकजण आपापलं काम करतोय : ही नुसती बेरीज. भारतात असा अर्ज कलम ३(ई) वर आपटतो. बेरजेपेक्षा जास्त काही घडतंय हे आकड्यांनी दाखवावं लागतं. त्यासाठी सर्वांत जवळचं जुनं मिश्रण घ्या, एकच घटक बदला आणि चिकटून राहण्याची ताकद, ओरखडे, चमक शेजारी शेजारी मोजा. एखाद्या घटकाच्या प्रमाणाचा दावा ५ ते ४० टक्क्यांचा आणि चाचणी फक्त १० टक्क्यांवर, असं असेल तर परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवणार. मेल्ट फ्लो इंडेक्सवर (वितळलेलं प्लास्टिक किती सहज वाहतं याच्या मापावर) दावा बांधणार असाल, तर तापमान आणि वजन लिहा (पॉलिएथिलीनसाठी सहसा १९० अंश सेल्सिअस आणि २.१६ किलो). त्याशिवाय तो आकडा निरर्थक.

गुपिताला पेटंटसारखी २० वर्षांची मुदत नाही आणि १८ महिन्यांनी प्रसिद्धीही नाही. ते फुटतं प्रयोगशाळेत. इन्फ्रारेड चाचणी पॉलिमर ओळखते, एक्स-रे फ्लुरोसन्स रंगद्रव्यातली मूलद्रव्यं सांगते. घटक कोणत्या क्रमाने मिसळले, लेप किती वेगाने थंड केला, हे तयार लेपावरून कळणं अवघड. म्हणून माझा कौल : घटकांचं पेटंट, प्रक्रियेचं गुपित.

सगळ्यांत घातक बेत म्हणजे 'आधी विकू, चाललं तर पेटंट घेऊ'. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या विस्तारित अपील मंडळाने २ जुलै २०२५ च्या निर्णयात (जी १/२३) स्पष्ट केलं की बाजारात आलेल्या उत्पादनाची हुबेहूब नक्कल करता येत नसली, तरी ते आधीच्या ज्ञानातच मोजलं जातं, म्हणजे पुढे त्यावर केलेल्या अर्जाविरुद्ध वापरता येतं. तो वादही एका पॉलिमरवरूनच झाला होता. अमेरिकेत स्वतःच्या विक्रीनंतर वर्षभराची सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहिलात तर युरोप हातचा जातो. ग्राहकाला नमुना पाठवायच्या आधी अर्ज करा. ते शक्यच नसेल, तर निदान गोपनीयतेचा करार तरी.

प्रक्रिया लपवण्यालाही मर्यादा आहे. जिच्यावाचून मिश्रण जमतच नाही ती पायरी अर्जात नसेल, तर अपुऱ्या वर्णनावरून पेटंट रद्द होऊ शकतं. भारतात तर अर्जदाराला माहीत असलेली सर्वोत्तम पद्धत उघड करावीच लागते. अर्जानंतर सापडलेली सुधारणा मात्र बिनदिक्कत स्वतःजवळ ठेवा.