नवा एसएमपीएस, मांद्र्याच्या खाऱ्या हवेत एक पावसाळा काढल्यानंतर

मार्चमध्ये मी डेस्कटॉपचा एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज मशीनला लागेल तशी करून पुरवणारा डबा, बदलला. आता दिवाळी झाली. मे महिन्यातला गडगडाट, अख्खा पावसाळा आणि चवथीच्या आधी रात्र रात्र चाललेली कामं हे सगळं त्याने काढलं, तेव्हा आता त्याच्याविषयी खात्रीने लिहिता येईल. गोव्यात मांद्र्याला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं डीटीपीचं काम चालतं. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, नाटकाचे पास, भजनी मंडळांच्या पुस्तिका. मशीन उठलं नाही तर त्या दिवसाची कमाई बुडाली.

दुखणं असं होतं. सकाळी बटण दाबलं की पंखा अर्धी गिरकी घ्यायचा आणि थांबायचा. सॉकेटचं बटण चालू ठेवून थोडा वेळ तसंच सोडलं की मग मशीन सुरू व्हायचं, आणि एकदा सुरू झालं की रात्रीपर्यंत कुरकुर नाही. विजांच्या भीतीने झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची आमच्याकडे घरोघरी सवय. ज्या रात्री ते चालू राहायचं, त्या सकाळी मशीन पहिल्याच दाबाला उठायचं. निदान जवळपास इथेच होतं. पण म्हापशाच्या एका दुकानात कॅबिनेट न उघडताच सांगितलं गेलं, "बाय, मदरबोर्ड गेला. आता नवीनच मशीन घ्या." मी मशीन उचलून घरी आणलं आणि मल्टिमीटर काढला.

मशीन बंद असतं तेव्हाही एसएमपीएस पूर्ण झोपलेला नसतो. त्याच्यातला एक छोटा भाग जांभळ्या वायरीवर 5 व्होल्ट देत राहतो, त्याला स्टँडबाय म्हणतात. बटणाचा दाब मदरबोर्डला कळतो तो याच्याच जोरावर. वर्षानुवर्षं अखंड चालणारा भाग हाच, म्हणून यातले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, बहुधा आधी सुकतात. सुकलेला कपॅसिटर थंड असताना जास्त अडतो, जरा तापला की चालतो. सकाळी रुसणारं मशीन नंतर का उठायचं, ते यावरून कळतं.

मोजायच्या वायरी तीनच, आणि 24 पिनांचा मोठा कनेक्टर मदरबोर्डला लावलेला असतानाच मागच्या बाजूने मोजायच्या. मीटरची काळी सुई काळ्या वायरीत. जांभळ्यावर 4.75 ते 5.25 व्होल्ट मिळायला हवेत. हिरव्यावर मशीन बंद असताना साधारण 5 व्होल्ट असतात आणि बटण दाबल्यावर ते शून्याच्या जवळ येतात. आले, तर बटण आणि मदरबोर्ड आपलं काम करताहेत. करड्या वायरीवर एसएमपीएस 'सगळे व्होल्टेज ठीक आहेत' असा 5 व्होल्टचा निरोप देतो, तोही अर्ध्या सेकंदाच्या आत. तो आला नाही तर पंखे फिरत असले तरी स्क्रीन काळाच राहतो. माझ्याकडे जांभळ्यावर सकाळी 4.3 दिसले, आकडा हळूहळू चढत होता. बटण दाबलं की हिरवी खाली यायची, म्हणजे मदरबोर्ड निरोप देत होता, आणि त्याच क्षणी जांभळीही कोसळायची. कनेक्टर मदरबोर्डमधून काढून पुन्हा मोजलं, तर बिनलोडाचे 5 व्होल्ट व्यवस्थित. टाकी भरलेली दिसते, पण नळ सोडला की धार पडत नाही, तसं. म्हणूनच हिरवी आणि काळी वायर जोडून नुसता पंखा फिरतो का बघण्याच्या चाचणीवर माझा विश्वास नाही. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असं त्यातून मुळीच ठरत नाही.

आणि एक कळकळीने सांगते, एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच राहतात.

नवा घेतला तो 450 वॅटचा, तीन हजारांच्या आसपास. ग्राफिक कार्ड नसलेल्या मशीनला हे भरपूर झाले. दुकानात डब्यावरचे वॅट न वाचता मी लेबलवरचा 12 व्होल्टचा आकडा वाचला. तिथे 36-37 अँपिअर असतील तर 450 वॅट खरे, कारण आजच्या मशीनचा जवळजवळ सगळा भार 12 व्होल्टवर असतो. स्वस्त मालावर मोठे वॅट आणि खाली अठरा-वीस अँपिअर असं सर्रास दिसतं. 80 प्लसचा शिक्का आहे, पण 2004 साली सुरू झालेली ही योजना विजेची बचत मोजते, आयुष्य नव्हे. त्यामुळे मी वॉरंटीच्या वर्षांना जास्त महत्त्व दिलं.

वापरात कसा आहे? सकाळी पहिल्या दाबाला मशीन उठतं. भर जुलैतही, भिंतीला बुरशी आणि कागदाला ओल असताना, जांभळ्यावर 5.05 च्या आसपास आणि 12 व्होल्टवर 12.1 दिसत राहिले. एकदा ऑगस्टमध्ये पंखे फिरले आणि स्क्रीन काळा. करड्यावर 5 व्होल्ट होते, म्हणजे एसएमपीएस निर्दोष. रॅम काढून बघितली तर सोनेरी पट्टीवर मळकट थर चढला होता. पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसून बसवली आणि काम झालं. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे पावसाळ्याआधीच करून घ्यावं. खारी हवा काय करते ते कॅबिनेटच्या स्क्रूंवरचा तांबूस गंज बघितला की समजतं.

त्रुटी आहेत. सगळ्या वायरी काळ्या, त्यामुळे रंग बघून मोजता येत नाही; पिनचे नंबर लक्षात ठेवावे लागतात: जांभळी 9, करडी 8, हिरवी 16. प्रोसेसरची 8 पिनांची वायर आखूड आहे, ती मदरबोर्डवरून तिरकी ओढून न्यावी लागली. आणि सुरुवातीला वीज गेली की यूपीएस असूनही मशीन कधीकधी बंद पडायचं. नव्या एसएमपीएसचं काही यूपीएसशी पटत नाही म्हणतात, तसंच असेल असं वाटलं. यूपीएसमधली 12 व्होल्टची बॅटरी बदलली आणि ते पूर्ण थांबलं.

अर्थिंगचं मात्र वेगळं सांगायला हवं. आमच्या जुन्या घरात अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या, आणि त्या नव्या एसएमपीएसनेही थांबल्या नाहीत. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेले फिल्टरचे कपॅसिटर थोडी वीज अर्थकडे सोडतात. अर्थच नसेल तर ती कॅबिनेटवर येते आणि हात लावणाऱ्याच्या अंगातून जमिनीत जाते. सॉकेटमध्ये फेज आणि अर्थ यांच्यात 230 च्या जवळपास मिळायला हवेत, माझ्याकडे शंभरही नव्हते. वायरमनदादांनी अंगणात नवा खड्डा घेतला, पण आपली चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते, म्हणून एप्रिल-मेमध्ये त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायला त्यांनी सांगितलंय. झिणझिण्या गेल्या.

मशीन उठत नाही म्हणून कोणी लगेच एसएमपीएस घ्यायला धावू नये. आमच्या वाड्यावरच्या एका मुलाचं मशीन बटण दाबून ढिम्म हलत नव्हतं. जांभळी ठीक, पण बटण दाबल्यावर हिरवी खालीच येईना. मदरबोर्डवरच्या पॉवर बटणाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर टेकवल्या, मशीन सुरू. कॅबिनेटचं बटण आतून गंजलं होतं. त्याने रीसेट बटणाची वायर काढून त्या पिनांवर लावली आणि आता तो रीसेटच्या बटणानेच मशीन चालू करतो.