रानातलं ल्युपिन की नर्सरीतलं? न्यू जर्सीत अंगण असलेल्यांसाठी

मे महिन्यात नर्सरीत गेलं की ल्युपिनच्या कुंड्यांपुढे पाय थबकतातच. गुलाबी, पिवळे, दुरंगी, कमरेएवढे तुरे. ही रसेल ल्युपिनं. आणि कोपऱ्यात, असलंच तर, निळसर जांभळ्या तुऱ्याचं फूट-दीड फुटाचं रोप दिसतं. ते इथलं, पूर्व किनाऱ्याचं रानटी ल्युपिन, ल्युपिनस पेरेनिस. यातलं कुठलं घ्यावं असं कुणी विचारलं की मी आधी त्यांच्या अंगणातल्या मातीची चौकशी करते.

रानटी ल्युपिन पाइनच्या विरळ रानातलं. दक्षिण जर्सीतलं पाइन बॅरन्स किंवा न्यूयॉर्क राज्यातलं अल्बनी पाइन बुश डोळ्यांपुढे आणा: पायाखाली वाळू, डोक्यावर ऊन, जमीन आम्लधर्मी आणि निकस. अशा जागी त्याचं सोटमूळ खोल उतरतं. आपल्याकडे हिरवळीच्या खतासाठी ताग पेरतात, त्याच्याच कुळातलं हे झाड, त्यामुळे मुळांवरच्या गाठींतून नत्राची सोय ते स्वतःच करतं. त्याला खत घालू नका, लाड करू नका. सावली मात्र त्याला चालत नाही. पाइनच्या रानात अधूनमधून वणवे लागून झुडपं जळायची, तेव्हा याला ऊन मिळायचं. वणवे विझवले जाऊ लागले, रान दाटलं आणि हे मागे पडलं. म्हणूनच अल्बनीत आता मुद्दाम, आखून जाळ लावतात.

रसेल ल्युपिनाचं मूळ पश्चिम अमेरिकेतलं, ओढ्याकाठच्या ओलसर कुरणातलं. डेव्हिड डग्लसनं ते १८२६ मध्ये ब्रिटनला नेलं, आणि पुढे यॉर्कच्या जॉर्ज रसेल या माळ्यानं वर्षानुवर्षं निवड करून रंगीत वाण घडवले. ते १९३७ मध्ये लोकांपुढे आले. दिसायला देखणेच आहेत, पण त्यांना थंड उन्हाळा लागतो. आपल्या इथल्या जुलैच्या दमट उकाड्यात मावा पडतो, पानांवर भुरी येते आणि दोन-तीन वर्षांत रोप संपतं. जूनमध्ये मेनला जाऊन रस्त्याकडेच्या निळ्या ताटव्यांचे फोटो काढतो ना आपण, तेही बहुतेक हेच पश्चिमेचं ल्युपिन. मेनचं स्वतःचं रानटी ल्युपिन तिथून नाहीसं झालंय.

माझा कौल रानटीला आहे, आणि त्याचं खरं कारण एक फुलपाखरू. कार्नर ब्लू, जेमतेम इंचभर, निळं. त्याची अळी दुसरं काही खात नाही, फक्त याचंच पान. तेही वरचा पापुद्रा राखून पोखरते, त्यामुळे पानावर बारीक पारदर्शक खिडक्या दिसतात. ल्युपिन घटलं तसं तेही घटलं, आणि १९९२ मध्ये संकटग्रस्त जाहीर झालं. न्यू जर्सीतून तर ते गेलंच आहे, तुमच्या चार रोपांनी परत येणार नाही. पण फ्रॉस्टेड एल्फिन हे तपकिरी फुलपाखरू इथे अजून आहे, त्याच्या अळ्याही या झाडावर वाढतात. भुंग्यांची तर वर्दळच असते.

खरेदी करताना चिठ्ठीवर विसंबू नका, रंगीत संकरही रानटी म्हणून विकले जातात. पान उलगडून पाहा. सावरीच्या पानासारखी बोटं पसरलेली असतात. रानटीत ती सात ते अकरा, पश्चिमेच्या ल्युपिनात सतरापर्यंत जातात. गुलाबी-पिवळा तुरा असेल तर प्रश्नच मिटला. दोन्ही जवळजवळ मात्र लावू नका, संकर होतो.

तुमच्याकडे लाल चिकणमाती असेल तर रानटीचा हट्ट सोडा. रंगाची हौस असेल तर रसेल खोल कुंडीत लावा आणि एका मोसमापुरतं आहे असं धरून चाला. वाळूमिश्रित, उन्हाची जागा असेल तर रानटीचं बीच आणा, कारण मोठं रोप हलवलेलं त्याच्या मुळाला मानवत नाही. बी टणक असतं. पॉलिश पेपरवर हलकेच घासा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जागेवरच पेरा, हिवाळ्याची थंडी उरलेलं काम करते. पहिल्या वर्षी नुसती पानं येतात. पावसानंतर त्यांच्या मधोमध पाण्याचा एकच टपोरा थेंब बसलेला असतो. फुलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी.

घरात लहान मुलं असतील तर एवढं पाहा: लवदार शेंगा मटारासारख्या दिसतात, पण दोन्ही ल्युपिनांचं बी विषारी. बी धरायचं असेल तर शेंगा काळपट व्हायच्या आत त्यांवर जुन्या मलमलीची पिशवी बांधा. वाळल्या की त्या तेरड्यासारख्या तडकतात, पीळ घेतात आणि बी पार लांब उडवतात.