घरचा गेम सर्व्हर लावून देतो म्हणणाऱ्यांपासून जपून राहा

भाड्याचा सर्व्हर नको, घरच्याच जुन्या पीसीवर माइनक्राफ्ट चालवू, असं आम्हा मित्रांचं ठरलं. सर्व्हर सुरू झाला, पण बाहेरून कुणाला जोडता येईना. एका गेमिंग ग्रुपवर विचारल्यावर एकाचा थेट मेसेज आला: "पूर्ण सेटअप करून देतो. चालल्याशिवाय एक पैसाही देऊ नका." पुढची सगळी फसवणूक या 'चालल्याशिवाय'च्या आडून झाली. अशी माणसं अजूनही ग्रुपवर फिरतायत, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

त्याने रिमोटने पीसीचा ताबा घेतला, राउटरच्या पानावर गेला, भराभर बऱ्याच गोष्टी बदलल्या. मग म्हणाला, "गेम उघडा आणि हा पत्ता टाका." पत्ता 192.168 ने सुरू होणारा होता. टाकला, सर्व्हर लगेच उघडला. "बघा सर, चालला." मी पैसे पाठवले.

मेख इथेच आहे. 192.168 चा पत्ता घरातल्या नेटवर्कपुरता असतो. राउटरला हातही न लावता तो उघडलाच असता. या खोलीतून त्या खोलीत हाक ऐकू आली म्हणून ती गावभर पोचते असं होत नाही. चाचणी बाहेरूनच घ्यायची: वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून, किंवा दुसऱ्या घरी बसलेल्या मित्राकडून. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा नेहमीचा पोर्ट, म्हणजे पीसीत शिरायच्या दाराचा क्रमांक, 25565, टीसीपी प्रकारचा. तो बाहेरून उघडा दिसत नसेल तर काम झालेलं नाही, समोरचा काहीही म्हणो.

मित्रांना जोडता येईना, तेव्हा त्याने राउटरवर खापर फोडलं. "साधा राउटर आहे, गेमिंग राउटर लागेल, माझ्याकडे आहे." तोही विकला. फरक शून्य.

खरं कारण वेगळंच होतं. आयपीव्ही4 चे, म्हणजे इंटरनेटवरचे नेहमीचे आयपी पत्ते अपुरे पडतात, म्हणून कित्येक इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. अशा वेळी घरच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे त्या पोर्टवर बाहेरून येणारं पीसीकडे वळवून, काही होत नाही, कारण पुढची अडवणूक कंपनीच्या यंत्रावर असते आणि तिथे आपला हात पोचत नाही. महागातला राउटरही तिथे कामाचा नाही. ओळखणं सोपं आहे. राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी, म्हणजे राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता बघा आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या एखाद्या साइटवरचा आकडा बघा. दोन्ही वेगळे असले तर मधे आणखी कुणीतरी आहे. वॅन आयपी 100.64 ते 100.127 च्या दरम्यान असेल तर सीजीनॅट नक्की. तो पट्टा 2012 मध्ये त्यासाठीच राखून ठेवला गेला. माझा वॅन आयपी याच पट्ट्यातला होता, आणि ते पान त्याने माझ्यासमोर उघडलं होतं. म्हणजे कारण डोळ्यासमोर असताना त्याने राउटर विकला. याचा राग मला अजून येतो.

मी इंटरनेट कंपनीकडून सार्वजनिक आयपी घेतला आणि मित्र जोडले गेले. पण थोड्याच दिवसांत गेम अडखळू लागला. त्याला सांगितलं, तर लगेच उत्तर: "डीडॉस हल्ला आहे, महिन्याचं संरक्षण घ्या." एक प्रोग्रॅम पीसीवर टाकून दिला. डीडॉस म्हणजे असंख्य यंत्रांवरून एकदम मारा करून लाइन तुंबवणं. तसा हल्ला घरच्या पीसीवरच्या प्रोग्रॅमने थांबत नाही; लाइन आधीच भरलेली असते. भीती मात्र खोटी नसते, म्हणून ती विकता येते. 2016 च्या मिराई बॉटनेटने, म्हणजे ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेने, माइनक्राफ्ट सर्व्हरांवरही हल्ले केले होते, आणि ते बनवणाऱ्यांपैकी दोघांची हल्ल्यांपासून संरक्षण विकणारी कंपनी होती. 2017 मध्ये त्यांनी अमेरिकेत गुन्हा कबूल केला.

मग मी विंडोजचा सिक्युरिटी लॉग उघडला. 4625, 4625, 4625. हा लॉगिन फसल्याचा क्रमांक आहे. पानामागून पान त्याचंच, दर वेळी वेगळं नाव वापरून. त्याने पहिल्याच दिवशी पीसी डीएमझेडमध्ये टाकला होता, म्हणजे बाहेरून येणारं सगळं थेट पीसीवर. रिमोट डेस्कटॉप (दुरून पीसी चालवायची विंडोजची सोय) चालू, 'सपोर्ट' नावाचं एक जास्तीचं अ‍ॅडमिन खातं आणि राउटरचं बाहेरून चालणारं व्यवस्थापनही सुरू. सीजीनॅटमागे होतो तोवर हे कुणाला दिसत नव्हतं. सार्वजनिक आयपी आला आणि पीसी जगासमोर उघडा पडला.

कुणाला असा ताबा दिला असेल तर आधी राउटरवरचं डीएमझेड, यूपीएनपी (प्रोग्रॅमना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) आणि रिमोट मॅनेजमेंट बंद करा. राउटर फॅक्टरी रीसेट करून नवा पासवर्ड द्या. पीसीवर विंडोज नव्याने टाका. नुसतं ते खातं काढून भागत नाही, कारण त्याने आणखी काय ठेवलंय ते सांगता येत नाही. त्या पीसीवर ज्या-ज्या खात्यांत लॉगिन केलं असेल त्यांचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला.

आता आमचा एकच पोर्ट उघडा आहे, व्हाइटलिस्ट (यादीतल्या खेळाडूंनाच प्रवेश) चालू आहे आणि सर्व्हर साध्या, अ‍ॅडमिन नसलेल्या खात्यावर चालतो. चॅट आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या जोडून बँकेकडे आणि पोलिसांकडे तक्रार केली आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत. त्याने मला ब्लॉक केलं असलं तरी त्याच ग्रुपवर त्याचा तोच मेसेज अजून फिरतोय.