वित्त शिकवण्यासाठी ‘गूगलफायनान्स’: एका मोफत सूत्राचे परीक्षण

बी.कॉम. किंवा बी.बी.ए.च्या वर्गाला वित्तीय व्यवस्थापन शिकवताना कोणते डिजिटल साधन वापरावे, असे कोणी विचारले तर मी महागड्या सॉफ्टवेअरच्या आधी गूगल शीट्समधील, शेअर आणि चलनांचे भाव थेट तक्त्यात आणून देणाऱ्या ‘गूगलफायनान्स’ या सूत्राचे नाव घेईन. ते मोफत आहे आणि त्यासाठी गूगलचे खाते व इंटरनेट यांपलीकडे काही लागत नाही. शिवाय मागच्या बाकावर बसून फळ्यावरचे उत्तर उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्यालाही ते स्वतः आकडेमोड करायला लावते. माझ्या दृष्टीने हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

वापरायची रीत सोपी आहे. एका चौकटीत बरोबरचे चिन्ह देऊन सूत्राचे नाव लिहायचे आणि कंसात शेअर बाजार व कंपनी यांची संक्षिप्त नावे, हवा असलेला भाव, सुरुवातीची व शेवटची तारीख आणि दैनिक की साप्ताहिक एवढे सांगायचे. काही क्षणांत तारखा आणि बंद (म्हणजे दिवसअखेरचे) भाव असे दोन रकाने खाली उलगडत जातात. पाठ्यपुस्तकातली ‘अ’ कंपनी आणि ‘ब’ कंपनी, त्यांचे पाच वर्षांचे ठरीव परतावे आणि शेजाऱ्याच्या वहीतून उतरवता येणारे प्रमाण विचलन (परतावा सरासरीपासून किती दूर जातो याचे माप) हे सगळे येथे निकामी ठरते, कारण प्रत्येकाने वेगळी कंपनी निवडली की प्रत्येकाचे उत्तरही वेगळे येते आणि ते कसे आले हे ज्याचे त्यालाच सांगावे लागते. सोलापुरात शिकवताना मला याच सूत्रातली चलनाची सोय फार उपयोगी पडते. ज्यांच्या घरचे उत्पन्न टॉवेलच्या निर्यातीवर चालते, अशी मुले रुपया-डॉलर दराचा वर्षभराचा आलेख काढू लागली की विनिमय दराची जोखीम हा धडा मुद्दाम रंगवून सांगावा लागत नाही. ‘सर, ऑर्डर घेतली त्या दिवशीचा भाव धरायचा की पैसे आले त्या दिवशीचा?’ असा प्रश्न वर्गातून आपसूक येतो, आणि पुढच्या तारखेचा दर आजच ठरवणाऱ्या फॉरवर्ड कराराचे प्रकरण तेथूनच सुरू करता येते.

माझ्या अनुभवात सर्वांत फलदायी ठरलेला पाठ मार्च 2020 मधील येस बँकेच्या भावांचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या अर्जावरून केंद्र सरकारने 5 मार्च 2020 रोजी या बँकेवर निर्बंध घातले आणि खातेदारांना 50,000 रुपयांपर्यंतच रक्कम काढण्याची मुभा ठेवली. दुसऱ्याच दिवशी शेअर सुमारे 56 टक्क्यांनी कोसळला. विद्यार्थी हा परतावा साध्या पद्धतीने काढतात तेव्हा उणे 56 टक्के येतात, आणि तोच लॉगरिदमच्या पद्धतीने, म्हणजे नव्या व जुन्या भावाच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम घेऊन, काढतात तेव्हा उणे 82 टक्क्यांच्या आसपास आकडा येतो. एरवी दोन्ही पद्धतींत दशांशाच्या पुढेच फरक दिसत असल्यामुळे हा भेद केवळ परीक्षेपुरता आहे असा त्यांचा समज असतो. येथे मात्र तो पडद्यावर समोर उभा राहतो आणि मोठ्या घसरणीत कोणती पद्धत काय सांगते यावर वर्गात खरी चर्चा होते. पुढे पुनर्रचनेच्या योजनेत 100 हून अधिक शेअर असलेल्या भागधारकांचे 75 टक्के शेअर तीन वर्षांसाठी विकण्यास बंद झाले, ही माहिती दिली की पडद्यावर दिसणारा भाव आणि प्रत्यक्ष हातात पडणारा पैसा यांतले अंतरही त्यांच्या लक्षात येते.

बीटा, म्हणजे बाजार हलला की शेअर त्याच्या किती पट हलतो याचे माप, शिकवण्यासाठीही हे साधन उत्तम आहे. बाजाराचा प्रतिनिधी म्हणून मी निफ्टी बीज या 2002 मध्ये शेअर बाजारात नोंदणी झालेल्या भारतातील पहिल्या ईटीएफचे (निफ्टी निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या, शेअरसारख्या खरेदी-विक्री होणाऱ्या फंडाचे) भाव घ्यायला सांगतो, आणि कंपनी आणि निफ्टी बीज या दोन्हींच्या परताव्यांवर ‘स्लोप’ हे फंक्शन लावले की बीटा मिळतो. तयार बीटा किंवा तयार पी-ई गुणोत्तर (शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर नफा) देण्याची सोयही सूत्रात आहे, पण शिकवताना ती वापरू नये असे माझे ठाम मत आहे, कारण तयार आकड्याने आकडेमोडही संपते आणि कुतूहलही. येथे एक बारीक अडचण ध्यानात ठेवावी. सूत्रातून येणाऱ्या तारखेत दुपारी साडेतीनची, म्हणजे बाजार बंद होण्याची वेळ दडलेली असते. त्यामुळे दुसऱ्या ठिकाणाहून आणलेल्या तारखांशी ती जुळवायला गेल्यास जुळणारी नोंद शोधणारे ‘व्ही-लुकअप’ फंक्शन काहीच शोधून देत नाही. ‘इंट’ फंक्शनने तारखेतला वेळेचा अंश काढून टाकला की प्रश्न सुटतो. हे एकदा विद्यार्थ्यांना स्वतः शोधू द्यावे. विदा (डेटा) जुळवण्याचे कौशल्य नोकरीत पहिल्याच महिन्यात लागते.

अनेक महाविद्यालये विद्यार्थ्यांचा सहभाग वाढावा म्हणून आभासी ट्रेडिंगच्या स्पर्धा घेतात. वर्ग त्यात रंगतो हे मान्य आहे, परंतु काही आठवड्यांच्या स्पर्धेत सर्वाधिक जोखीम घेणाऱ्यांपैकी नशीबवान विद्यार्थीच पहिला येतो, आणि तोच वर्गाचा आदर्श ठरतो. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्स या पुढच्या तारखेच्या भावांवरील करारांमध्ये व्यवहार करणाऱ्या 1 कोटीहून अधिक वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी 93 टक्के जणांना तोटा झाला. हा आकडा समोर असताना विशीतल्या मुलांना झटपट सौद्यांची गोडी लावणे मला शिक्षकाच्या कर्तव्याशी विसंगत वाटते. शीटमध्ये जिंकणे-हरणे नसते. जुन्या काळातले भाव घेऊन शांतपणे कारणे शोधता येतात.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. ताजे भाव 20 मिनिटांपर्यंत उशिरा येऊ शकतात आणि ते व्यवहारासाठी नाहीत, असे गूगलनेच नमूद केले आहे. बंद भावांत लाभांश धरलेला नसल्यामुळे दीर्घ मुदतीचा परतावा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. सढळ लाभांश देणाऱ्या सरकारी कंपन्यांच्या बाबतीत हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही, म्हणून लाभांशाचा वेगळा रकाना विद्यार्थ्यांकडून हाताने भरून घ्यावा. ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक या सूत्रातून मिळत नाही, तेव्हा गुणोत्तर विश्लेषणासाठी कंपनीचा वार्षिक अहवालच उघडावा लागतो, आणि तो उघडलाच पाहिजे. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर लांब सूत्र लिहिणे जिकिरीचे होते. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांच्यासाठी संगणक कक्षातील तास राखून ठेवल्याशिवाय हा प्रयोग करणे अन्यायाचे होईल. इंटरनेट ऐनवेळी बंद पडण्याची शक्यता धरून भावांची एक प्रत फक्त आकड्यांच्या रूपात आधीच चिकटवून ठेवावी.

शिक्षकाच्या सोयीची आणखी एक गोष्ट आहे. शीटच्या दुव्यातील शेवटचा ‘एडिट’ हा शब्द बदलून ‘कॉपी’ केला की दुवा उघडणाऱ्याला स्वतःची प्रत बनवण्याचा पर्याय मिळतो, आणि त्या प्रतीत संपादनाचे अधिकार आपल्याला दिलेले असतील तर बदलांच्या इतिहासातून कोणी काम टप्प्याटप्प्याने केले आणि कोणी शेवटच्या रात्री एकदम चिकटवले हे कळते. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण देताना मी अंतिम उत्तराइतकेच महत्त्व या इतिहासाला देतो.

एम.बी.ए.च्या ज्या विभागांकडे व्यावसायिक विदासंचांची वर्गणी आहे, त्यांना याची गरज मर्यादित आहे. अनुदानित महाविद्यालयांतील पदवी वर्गांना मात्र मी ते निःसंकोच सुचवेन. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, जोखीम आणि परतावा या प्रकरणापासून, आणि पहिल्या तासाला फक्त एकाच कंपनीचे भाव घेऊन.