तिबोटी खंड्याचा फोटो: फ्लॅश की वाढवलेला आयएसओ?

पावसाळा म्हणजे कोकणात तिबोटी खंड्या या चिमुकल्या, रंगीत किंगफिशर पक्ष्याच्या विणीचे दिवस. ओहोळाकाठच्या मातीच्या दरडीत बीळ, वर गच्च झाडी, त्यात भरलेलं आभाळ. उजेड इतका कमी की हात आपसूक फ्लॅशकडे जातो.

फ्लॅशने फोटो देखणा येतो, हे मान्यच. पाठीवरची निळी-जांभळी झळाळी खुलते, चोचीतल्या सापसुरळीचे खवलेही दिसतात. पण मागची झाडी काळीठिक्कर पडते, ओल्या पिसांवर पांढरे ठिपके उमटतात. आणि खरा प्रश्न पक्ष्याचा आहे. घास घेऊन आलेला खंड्या बिळात न शिरता समोरच्या फांदीवर डोकं वरखाली करत बराच वेळ बसून राहिला, तर तो बिचकलाय असंच समजावं. त्यात दहा जणांचे फ्लॅश लागोपाठ उडाले तर पिल्लं तेवढा वेळ उपाशी.

दुसरा मार्ग ट्रायपॉडचा: कॅमेरा त्यावर ठेवून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, वाढवायची. आयएसओ ३२०० ते ६४००, शटर १/१२५ सेकंदाच्या आसपास. इतक्या संथ शटरला उडता पक्षी हातचा जातो आणि वाढवलेल्या आयएसओमुळे फोटोत दाणे दिसतात. ते नंतर सॉफ्टवेअरमध्ये बरेच कमी होतात. बसलेला खंड्या मात्र क्षणभर तरी स्थिर असतो, तेवढ्यात चार-पाच फ्रेम मिळतात. शिवाय पावसाळी रानाचा तो हिरवट उजेड फोटोत उतरतो, मला तो फार प्रिय आहे.

माझं मत स्पष्ट आहे: बिळासमोर फ्लॅश नकोच. पण फ्लॅश बंद ठेवला म्हणून बिळाला खेटून बसायची मुभा मिळत नाही. खंड्या घुटमळताना दिसला, तर कॅमेरा उचलून मागे सरायचं.